हाडाला छिद्रं पाडली की दात खरंच लवकर सरकतात का?

डॉक्टर मॅडम नमस्कार,
मी सातारा जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर शिक्षिका आहे, वय ३६. मागच्या वर्षी जुलैत कराडला दातांना तार बसवली, त्यासाठी चार उपदाढा काढल्या, वरच्या दोन आणि खालच्या दोन. पुढे आलेले दात बरेच आत गेलेत, खालची फटही भरली, पण वरच्या सुळ्यांच्या मागे दोन्हीकडे अजून तीन-तीन मिलिमीटरची फट आहे. तारेचे डॉक्टर कोल्हापूरहून महिन्यातून एकदा रविवारी येतात, ते म्हणाले अजून दहा महिने तरी लागतील. माझी अडचण अशी की यंदा बदलीपात्र यादीत माझं नाव आहे, पाटण तालुक्यात कोयनेच्या वर कुठेतरी गेले तर दर महिन्याला कराडला येणं अवघड. हे सांगितल्यावर क्लिनिकमधून म्हणाले की हाडाला बारीक छिद्रं पाडू, दात दुप्पट वेगाने सरकतात, एका वेळचे साडेचार हजार आणि तीन वेळा करावं लागेल. मिस्टर म्हणतात हा पैसे काढायचा धंदा आहे. शाळेतल्या एका मॅडमनी तोंडात धरायच्या व्हायब्रेशनच्या मशीनचा व्हिडिओ दाखवला. सासूबाई म्हणतात हाडाला भोकं पाडलीस तर चाळिशीतच कवळी लागेल. निवडणुकीची ड्युटी, परीक्षा यात माझ्या तीन तारखा चुकल्यात आणि दोनदा ब्रॅकेट, म्हणजे तार अडकवायला दातावर चिकटवलेलं ते बटण, निघालं तेही सांगून टाकते. करू की नको? आणि तार जास्त घट्ट करून नाही का चालणार?
– कराडजवळच्या एक बाई

ताई नमस्कार,

पत्र व्यवस्थित लिहिलंय, चुकलेल्या तारखा पण न लपवता सांगितल्यात त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं, नाहीतर मला येणाऱ्या निम्म्या पत्रांत एवढंच असतं की डॉक्टर दात लवकर सरळ व्हायला काय खाऊ.

आधी सरळ उत्तर देते, मग बाकीचं बोलू. मी तुमच्या जागी असते तर आत्ता तरी छिद्रं पाडून घेतली नसती. फार धोका आहे म्हणून नाही आणि कुणी फसवतंय म्हणूनही नाही, तर तुमचे महिने जिथे खर्च होतायत तिथे ती छिद्रं काही करू शकत नाहीत म्हणून. मिस्टरांना सांगा, धंदा म्हणणं जरा जास्तच झालं, ही खरी ट्रीटमेंट आहे, डेंटल कॉलेजात शिकवतात, त्यावर ढीगभर रिसर्च झालाय, फक्त 'दुप्पट वेगाने' हे जे तुम्हाला सांगितलं ना ते फार हात सैल सोडून सांगितलंय.

तार घट्ट करण्याचं आधी उरकते कारण हा प्रश्न मला सतत येतो, त्यातही लग्न ठरलेल्यांकडून. दात हाडाला थेट चिकटलेला नसतो, मध्ये पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा तंतूंचा पडदा असतो, त्यात रक्तवाहिन्या असतात. तारेने दात ढकलला की ज्या बाजूला तो दाबतो तिथे हाड खाणाऱ्या पेशी जमा होतात आणि थोडं थोडं हाड खातात, आणि मागे जी जागा सुटते तिथे दुसऱ्या पेशी नवं हाड भरत येतात. म्हणजे तार नुसती इशारा देते, काम शरीर करतं आणि ते त्याच्या वेळेनेच करतं, महिन्याला साधारण १ मिलिमीटर, कुणाचं थोडं जास्त कुणाचं कमी. उपदाढेची रुंदी असते ७ मिलिमीटरच्या आसपास, म्हणून ती फट भरायला सहा-सात महिने जातातच, त्यात डॉक्टरचा आळस नसतो. आता जोर वाढवला तर काय होतं, तो पडदा चेंगरतो, तिथलं रक्त थांबतं, ज्या पेशींनी हाड खायचं त्याच मरतात, आणि मग शरीर आधी ती मेलेली जागा साफ करत बसतं, दोन-तीन आठवडे दात जागचा हलत नाही. दुखतं मात्र भरपूर आणि मुळांची टोकं झिजायची भीती वेगळीच. तेव्हा डॉक्टरांना आवळून घ्या असं अजिबात म्हणू नका.

आता छिद्रं. ही कल्पना हाडांच्या डॉक्टरांकडून आलीये. हॅरल्ड फ्रॉस्ट म्हणून अमेरिकेतले ऑर्थोपेडिक सर्जन होते, त्यांनी १९८३ साली असं मांडलं की हाडाला कुठे इजा झाली की त्या भागात हाड मोडणं आणि नवं बनणं दोन्ही काही महिने जोरात चालतं, आसपासचं हाड थोडं मऊ पडतं, मग हळूहळू पूर्ववत होतं. पाय मोडल्यावर प्लास्टरमध्ये आतल्या आत जे चाललेलं असतं तेच. दातवाल्यांनी विचार केला की मग मुद्दाम छोटी इजा करून त्या मऊ हाडातून दात सरकवला तर? खरं म्हणजे त्याच्या कितीतरी आधी, १९५९ सालीच क्योले नावाच्या सर्जननी दातांमधलं वरचं कडक हाड कापून दात हलवून दाखवले होते, फक्त त्यांची समजूत अशी होती की हाडाचा तुकडाच्या तुकडा दातासकट सरकतो. २००१ साली अमेरिकेतल्या विल्को बंधूंनी, त्यातले एक हिरड्यांचे डॉक्टर आणि एक तारेचे, स्कॅन काढून दाखवलं की तुकडा बिकडा काही सरकत नाही, हाड तात्पुरतं मऊ होतंय. पण ते ऑपरेशन मोठं होतं. हिरडी पूर्ण उघडायची, हाडावर रेघा पाडायच्या, वरून हाडाची पावडर भरायची, टाके घालायचे, तोंड सुजणार. ज्यांचं हाड पातळ आहे त्यांना त्या पावडरीचा फायदा होतो हे खरं, पण नुसतं लवकर व्हावं म्हणून एवढं कोण करून घेणार. मग २००९ मध्ये बोस्टनच्या सर्ज डिबार्ट यांच्या टीमने हिरडी न उघडता छोट्या उभ्या चिरांमधून अल्ट्रासाउंडवर चालणाऱ्या बारीक सुरीने हाडाला काप द्यायची पद्धत आणली, पीझोसिजन म्हणतात तिला. आणि त्याहून छोटं म्हणजे तुम्हाला सुचवलेली ही छिद्रं, मायक्रो-ऑस्टिओपर्फोरेशन, क्लिनिकमध्ये सगळे एमओपी म्हणतात.

खुर्चीत काय होतं ते सांगते म्हणजे निम्मी भीती जाईल. आधी कडवट औषधाने चूळ भरायला लावतात, मग हिरडीत भुलेचं इंजेक्शन, उपदाढ काढताना दिलं होतं तेच पण थोडंसं. मग सुळ्याच्या मागे जी रिकामी जागा आहे तिथे हिरडीतून थेट हाडात स्क्रूड्रायव्हरसारख्या हातातल्या उपकरणाने छोटा स्क्रू दोन-तीन मिलिमीटर आत फिरवतात आणि उलटा फिरवून काढतात. एकाखाली एक अशी साधारण तीन छिद्रं, प्रत्येक दीडेक मिलिमीटर रुंद. आपल्याकडे बरेच डॉक्टर त्यासाठी वेगळं महागडं यंत्र न वापरता जबड्यात आधारासाठी लावायच्या मिनी-स्क्रूनेच हे करतात, त्यात गैर काही नाही. दाब जाणवतो, कुर्र असा आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटतो, दुखत नाही. टाके नाहीत, रक्त थोडं, आणि एक-दोन दिवस घास चावताना त्या जागी ठणकतं. दहा-पंधरा मिनिटांत उठून घरी जाता. दुसऱ्या दिवशी वर्गावर उभं राहता येतं, इतकं सोपं आहे.

मग प्रश्न उरतो फायद्याचा. तुम्हाला सांगितलेलं 'दुप्पट' बहुतेक न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या २०१३ च्या अभ्यासातून आलेलं असणार. त्यात २० जण होते, आणि छिद्रं पाडलेल्या बाजूचा सुळा २.३ पट जास्त सरकला असं निघालं. ऐकायला भारी वाटतं, पण मोजलं किती दिवस? २८. एका महिन्यात सुळा किती सरकला एवढंच बघितलं, पूर्ण ट्रीटमेंट किती लवकर संपली हे त्यात नव्हतंच. पुढे जॉर्डनमध्ये, इजिप्तमध्ये जरा जास्त महिने थांबून बघितलं तर दोन्ही बाजूंमध्ये सांगण्यासारखा फरकच मिळाला नाही. काही अभ्यासांत फरक मिळाला, पण तो महिन्याला मिलिमीटरच्या काही दशांशांचा. त्याआधी २०१५ मध्ये कॉक्रेनवाल्यांनी, म्हणजे जगभरातले उपचारांचे अभ्यास गोळा करून चाळणी लावणारी जी संस्था आहे त्यांनी, सगळ्याच सर्जरीवाल्या पद्धतींचा हिशोब काढला तर निकषात बसणारे चारच अभ्यास मिळाले आणि चारही मिळून पेशंट ५७. एवढ्यावर कुणी छातीठोकपणे बोलू नये पण जाहिराती बोलतात. आणि सिडनीत एक अभ्यास झाला तो क्लिनिकवाले सहसा सांगत नाहीत, ज्या उपदाढा पुढे काढायच्याच होत्या त्यांच्याजवळ एका बाजूला छिद्रं पाडून महिनाभर जोर लावला, मग दात काढून मुळं स्कॅनमध्ये बघितली तर छिद्रांच्या बाजूला मुळांची झीज जास्त निघाली. घाबरून जाण्याइतकं नाही, पण 'तोटा शून्य' असं म्हणता येत नाही एवढं नक्की.

हे झालं जगाचं. आता तुमचा हिशोब मांडू, वहीत लिहिल्यासारखा.

डॉक्टरांनी दहा महिने सांगितले. तुमची फट ३ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला १ धरला तर तीन, रडतखडत चार महिने. मग उरलेले सहा महिने कशाचे? तर फिनिशिंगचे. फट भरल्यावर दात वरून सरळ दिसतात पण आत मुळं तिरकी असतात, ती उभी करायची, वरच्या-खालच्या दातांची मधली रेघ जुळवायची, दाढा एकमेकींवर नीट बसवायच्या, आणि मिटलेली फट परत उघडत नाही ना ते बघत थांबायचं. हे काम घाईत केलं तर वर्षभरात फट परत दिसायला लागते आणि मग सगळेच म्हणतात तार लावून काही उपयोग नाही झाला. आता छिद्रं लागू पडली तरी ती पहिल्या तीन-चार महिन्यांवरच, कारण हाडातला तो मऊपणा काही महिन्यांत ओसरतो आणि तो असतो फक्त छिद्रांच्या आसपास. पुण्याला जाताना कर्जतला गाडीला मागून जादा इंजिन लावतात ना तसं आहे हे, घाट चढायला ढकलतं आणि लोणावळ्याला सुटतं, पुढचा रस्ता गाडीने आपला आपणच काटायचा. जाहिरातीतलं दुप्पट अगदी शंभर टक्के खरं धरलं तरी तुमचे वाचणार दीड-दोन महिने. नंतरच्या अभ्यासांवर विश्वास ठेवला तर दोन आठवडे वाचले तरी पुष्कळ. आणि ते दोन आठवडे सुद्धा तुमच्या हातात पडणार नाहीत, कारण डॉक्टर येतात महिन्यातून एका रविवारी, दात दहा तारखेला जागेवर पोचला काय आणि पंचवीसला पोचला काय, पुढची वायर बदलणार त्याच रविवारी. साडेतेरा हजार याच्यासाठी? मला पटत नाही.

उलट बाजूने बघा. तुमच्या तीन तारखा चुकल्या. फट ओढायला बहुतेक पॉवर चेन लावतात, ती रबरी साखळी. तिचा निम्म्याच्या आसपास जोर पहिल्या एका दिवसातच उतरतो आणि राहिलेल्यावर कसाबसा महिना निघतो. म्हणजे तुम्ही निवडणुकीच्या ट्रेनिंगला गेलात आणि रविवार चुकला की दुसरा महिना दात जवळजवळ नुसते बसून. तीन तारखा म्हणजे जवळपास तीन महिने, आणि ब्रॅकेट निघालं की तो दात थोडा मागे फिरतो, त्याला परत रांगेत आणायला वेळ जातो तो निराळा. यात तुमची चूक काढत नाहीये हो, इलेक्शन ड्युटीला नाही म्हणता येत नाही हे मला माहितीये, माझ्याकडे येणाऱ्या शिक्षकांचं सगळ्यांचं हेच. पण वेळ कुठे गेला हे विचारलंत तर इथे गेला.

तेव्हा येत्या रविवारी जाल तेव्हा छिद्रांचा विषय बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना विचारा की वरची फट भरायची का थांबलीये. खालची भरली आणि वरची दोन्हीकडे सारखीच अडलीये म्हणजे काहीतरी कारण असू शकतं. कधी वरची वायर दाढेच्या नळीतून नीट घसरत नसते, टोकाला वाकलेली असते. कधी खालच्या एखाद्या ब्रॅकेटवर वरचा सुळा आपटत असतो आणि चावताना दर वेळी अडतो. कधी उपदाढ काढलेल्या जागेचं हाड आक्रसून अरुंद झालेलं असतं. बरेचदा मात्र कारण काहीच नसतं, चुकलेल्या तारखा सोडून. डॉक्टरांनी वायर बाहेर काढून, चावायला लावून, गरज वाटली तर एक्स-रे बघून हे सांगायला पाच-दहा मिनिटं पुरतात, फक्त त्या रविवारी बाहेर तीस पेशंट बसलेले असतात त्यामुळे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. सकाळची पहिली वेळ मागून घ्या.

दुसरं, पॉवर चेनच्या जागी निकल-टायटॅनियमची स्प्रिंग लावता येईल का विचारा. तिने दात काही फार पळायला लागतात असं नाही, पण तिचा जोर महिनोन्महिने टिकतो, एखादी तारीख चुकली तरी ओढणं चालू राहतं. तुमच्यासारख्यांना जिथे तारखा आपल्या हातात नाहीत तिथे हे छिद्रांपेक्षा जास्त कामाचं, आणि खर्च किरकोळ. आणि यातच तुमच्या बदलीचं पण उत्तर आहे. जाड स्टीलची वायर आत गेलेली असेल आणि स्प्रिंग लावलेली असेल तर दर महिन्याला यायलाच पाहिजे असं नाही, सहा ते आठ आठवड्यांनी बघितलं तरी चालतं. म्हणजे कोयनेच्या वर गेलात तरी दीड-दोन महिन्यांतून एक रविवार कराडला उतरायचं, तेवढं तर तुम्ही बाजाराला, माहेराला उतरणारच की. दिवाळीची सुट्टी, मेची सुट्टी या तारखा आत्ताच डॉक्टरांच्या डायरीत लिहून घ्या, त्या सुट्टीत हवं तर कोल्हापूरला त्यांच्या स्वतःच्या क्लिनिकला जा. यादीत नाव आहे म्हणजे ऑर्डर निघालीच असं नसतं, ते बदल्यांचं पोर्टल कधी उघडतं आणि कधी स्थगिती येते हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

ब्रॅकेट का निघतं हे तुम्हाला शिकवायला नको पण भाजलेलं कणीस दातांनी ओरबाडणं, शेंगदाण्याची चिक्की, अख्खा पेरू, ऊस, आणि पेनाचं टोपण चावत वह्या तपासणं, हे शेवटचं शिक्षकांचं खास. कणीस सुरीने सोलून खा, कुणी हसलं तर हसू दे. ब्रॅकेट निघालं तर महिनाभर रविवारची वाट बघत बसू नका, कराडच्या क्लिनिकमध्ये जे रोजचे डॉक्टर बसतात ते सुद्धा चिकटवून देऊ शकतात, फोन करून विचारा. आणि डॉक्टरांनी रबर बँड दिले असतील वर-खाली लावायला तर ते दिवसभर लावायचे, मुलं हसतात म्हणून शाळेत काढून ठेवले तर फिनिशिंगचे सहाचे आठ महिने तिथेच होतात. वायर बदलल्यावर दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या. ब्रुफेनची एखादी गोळी चालते, पण रोज घेऊ नका, दात सरकायला जी सूज लागते तीच ती गोळी दाबते.

आता राहिलेल्या जाहिराती भराभर. व्हायब्रेशनच्या मशीनवर इंग्लंडमध्ये ८१ मुलांवर मोठा अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये छापून आला. काहींना खरी मशीन, काहींना दिसायला तशीच पण न थरथरणारी, काहींना काहीच नाही, रोज २० मिनिटं चावून धरायची. दात तिन्हीकडे सारख्याच वेगाने सरळ झाले. २०२३ मध्ये कॉक्रेनवाल्यांनी पुन्हा हिशोब केला, व्हायब्रेशन काय किंवा तोंडात धरायचा लाल लाइट काय, जादा फायदा दिसत नाही असंच निघालं. त्या मॅडमना सांगा पैसे पोरांच्या सहलीला ठेवा. लेसरचे निकाल कुठे बरे कुठे काहीच नाही. स्वतःचं रक्त काढून फिरवून हिरडीत टोचणं हे सध्या फॅशनमध्ये आहे, पुरावा फार कच्चा. 'सेल्फ-लायगेटिंग ब्रॅकेट बसवा, सहा महिने वाचतात' हेही ऐकाल, म्हणजे वायर धरायला स्वतःचंच झाकण असलेली ब्रॅकेट, ती चांगली असतात, वायर बदलायला डॉक्टरची पाच मिनिटं वाचतात, तुमचे महिने वाचत नाहीत. व्हिटॅमिन डी कमी असेल तर हाडांसाठी जरूर घ्या, तारेसाठी म्हणून नको.

एवढं सगळं सांगूनही डॉक्टर म्हणाले की कारण शोधलं, वायर मोकळी आहे, चावा अडत नाही, हाडच आक्रसलंय आणि तिथे एकदा छिद्रं पाडून बघू, तर मी त्याला हरकत घेणार नाही. अशा एका अडलेल्या जागी, मोठ्या वयाच्या पेशंटमध्ये मी सुद्धा त्याचा विचार करते. पण मग तीन वेळचे पैसे आधी भरायचे नाहीत, एकदा करायचं, दोन महिने फट स्केलने मोजायची, आणि सरकली तरच पुढचं. त्याआधी नवा एक्स-रे हवा म्हणजे स्क्रू मुळाला लागणार नाही. हिरड्यातून रक्त येत असेल, शुगर हाताबाहेर असेल, मिश्री-तंबाखूची सवय असेल, किंवा हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची-महिन्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन चालू असेल, तर आधी तसं सांगायचं. त्या हाडाच्या गोळ्यांचं तर तार बसवतानाच सांगायला हवं, तुम्हाला नसेलच पण हे वाचणाऱ्या कुणाला असेल म्हणून लिहिलं.

आणि समजा बदली अगदीच लांब झाली, कराड सोडून दुसऱ्याच डॉक्टरकडे जायची वेळ आली, तर रिकाम्या हाताने जाऊ नका. पहिल्या दिवशी काढलेले फोटो, दोन्ही एक्स-रे, दातांचे साचे किंवा स्कॅन, कोणत्या कंपनीचे आणि कोणत्या मापाचे ब्रॅकेट आहेत, सध्या कोणती वायर आहे, काय काम राहिलंय आणि किती पैसे भरलेत, हे क्लिनिकच्या लेटरहेडवर लिहून घ्या. ब्रॅकेटचं माप कळलं नाही तर नवीन डॉक्टर सगळं काढून परत बसवतात आणि तिथे चार महिने आणि बरेच पैसे जातात, छिद्रं पाडून वाचवलेल्या वेळेच्या कितीतरी पट. रिटेनर, म्हणजे तार काढल्यावर दात जागेवर धरून ठेवायला जे लावतात ते, मात्र तार काढतील त्याच दिवशी किंवा त्या आठवड्यातच घ्यायचे, दोन जोड करून घ्या, एक घरी आणि एक शाळेच्या गावी, कारण हिरड्यांतले तंतू नव्या जागी स्थिर व्हायला वर्ष घेतात आणि तोवर दात जुन्या जागेची ओढ सोडत नाहीत.

सासूबाईंची भीती राहिली. त्या छिद्रांनी दात पडत नाहीत, ती भरून येतात. तार चालू असताना दात थोडे हलतात तेही चालतं, हाड मऊ झाल्याशिवाय सरकणार कसे. मात्र एखादा दात बोटाने चांगलाच डुलायला लागला, हिरडीतून पू आला, किंवा ब्रश करताना रोज रक्त यायला लागलं तर ते तारेचं नाही, हिरडीचं दुखणं आहे, आणि चाळिशीत कवळी लागली तर ती याच्यामुळे लागते. असं काही दिसलं तर कोल्हापूरच्या डॉक्टरांच्या रविवारची वाट न बघता त्याच दिवशी कराडला दाखवा.